हमी फक्त पहिल्या मालकाला

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने 2017 मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी दहा हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली होती. त्या निविदेतून निघालेली किंमत जीएसटीसह 11 लाख 20 हजार रुपये होती आणि तिच्या पोटातच पाच वर्षांची सर्वंकष वॉरंटी धरलेली होती. त्या वेळी बाजारात सामान्य ग्राहकाला तशा मोटारीवर तीन वर्षांची वॉरंटी मिळत असे. घाऊक ग्राहक या नात्याने सरकारने हा सौदा चोख केला, यात शंका नाही. पुढे 2018 मध्ये दिल्लीतील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या मोटारी वापरण्याबाबत नाराजी व्यक्त केल्याच्या बातम्या आल्या. एका चार्जिंगमध्ये शहरात जेमतेम 80-82 किलोमीटर धाव मिळते, ही त्यांची तक्रार होती. तरीही त्या अधिकाऱ्यांच्या खिशाला दुरुस्तीची झळ लागण्याचा प्रश्न नव्हता. मोटार सरकारची होती आणि करारही सरकारनेच केला होता.

स्वतःसाठी इतकी दक्षता घेणाऱ्या सरकारने नागरिकासाठी काय केले, हा खरा प्रश्न आहे. 2015 मध्ये ‘फेम’ योजना आली. एप्रिल 2019 पासून तिचा दहा हजार कोटींचा दुसरा टप्पा सुरू झाला. 1 ऑगस्ट 2019 पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत प्राप्तिकर सवलतही देण्यात आली. या साऱ्या सवलती खरेदीच्या क्षणापाशी संपतात. दुसऱ्या ‘फेम’मध्ये बॅटरीसह किमान तीन वर्षांच्या वॉरंटीची अट होती खरी, पण चारचाकींचे अनुदान त्यात केवळ टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापरासाठी होते. त्यामुळे स्वतःच्या पैशाने, घरासाठी मोटार घेणारा ग्राहक या अटीच्या कक्षेबाहेरच राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या 10,900 कोटींच्या योजनेत तर खासगी मोटारींना स्थानच नाही. ज्याला अनुदान नाही, त्याच्या बाबतीत अटही नाही, असा हा व्यवहार आहे.

परिणामी वॉरंटी म्हणजे काय, हे कंपन्याच ठरवतात. सर्वसाधारणपणे बॅटरीला आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर संरक्षण मिळते. परंतु लिथियम-आयन बॅटरी एकाएकी बंद पडण्यापेक्षा हळूहळू क्षीण होते. वापर नसला तरी ती झिजते, आणि उष्णतेत अधिक वेगाने झिजते. पाश्चात्त्य देशांतील पहिल्या ग्राहकांना याचा अनुभव लवकर आला. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनासारख्या तप्त प्रदेशात, हवेवरच थंड होणाऱ्या बॅटरीच्या निस्सान लीफ मोटारींची क्षमता 2012 च्या सुमारास अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरू लागली. मूळ आठ वर्षांच्या वॉरंटीत उत्पादनदोष होता, क्षमतेची झीज नव्हती. ग्राहक न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीने पाच वर्षे किंवा 60 हजार मैलांसाठी क्षमतेची स्वतंत्र हमी दिली. दिल्लीचा मे-जून किंवा नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा अ‍ॅरिझोनाहून फारसा सौम्य नाही. आजच्या बहुतेक मोटारींत बॅटरी द्रवाने थंड राखली जाते, हा मोठा फरक आहे. तरीही क्षमता किती उरली हे मोजायचे कोणी, हा प्रश्न सुटत नाही. ते सहसा कंपनीच्याच अधिकृत केंद्रात, कंपनीच्याच यंत्रावर मोजले जाते. वादातील एका पक्षाच्या हातीच तराजू असणे ग्राहक कायद्याच्या आत्म्याशी सुसंगत म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. पेट्रोल मोटारीच्या मालकाला करोलबाग-काश्मिरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत सुट्या भागांचा बाजार उपलब्ध असतो. विजेच्या मोटारीचा मालक कंपनीच्या दाराशीच बांधलेला राहतो. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही त्या आदेशात होते. दंडाचा विषय अपिलांच्या वाटेने गेला. दरम्यान मोटारीतील सर्वांत महाग वस्तूच अशी झाली की, ती उघडण्यास विशेष प्रशिक्षण लागते आणि तिच्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीपाशी असते. बॅटरीच्या शेकडो घटांपैकी एखादा गट नादुरुस्त झाला, तर तेवढाच बदलायचा की संपूर्ण बॅटरी, हा निर्णयही तिथेच होतो.

विम्याचे नियम तर आणखी जुन्या काळातले आहेत. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकानुसार दाव्याच्या वेळी रबर, प्लास्टिक, टायर यांच्याबरोबर बॅटरीवरही 50 टक्के घसारा धरला जातो. ही तरतूद चार-सहा हजारांच्या शिशाच्या बॅटरीसाठी होती. मोटारीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक व्यापणाऱ्या बॅटरीला ती शब्दशः लावली, तर रस्त्यावरील दगड बॅटरीच्या तळाला लागल्यावर मालकाच्या वाट्याला काही लाखांचा भार येऊ शकतो. जादा हप्ता भरून शून्य घसाऱ्याचे वा बॅटरीचे स्वतंत्र संरक्षण घेता येते. ते घेतले पाहिजे हे कित्येकांना दावा दाखल करतानाच कळते.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांना यापुढचा मुद्दा सर्वाधिक लागू पडतो. केंद्रातील प्रतिनियुक्ती संपवून महाराष्ट्रात परतणारा अधिकारी किंवा दिल्लीहून बंगळुरूला जाणारा नोकरदार अनेकदा मोटार विकून जातो. केंद्र सरकारने 2021 मध्ये ‘बीएच’ मालिकेची नोंदणी आणून राज्य बदलताना होणारा त्रास कमी केला. पण विक्रीच्या वेळची अडचण कायम आहे. 2024-25 मध्ये काही भारतीय कंपन्यांनी बॅटरीला ‘आजीवन’ हमी जाहीर केली. अटी वाचल्या की कळते, ती खासगी वापर करणाऱ्या पहिल्या नोंदणीकृत मालकापुरती आहे. मालक बदलताच ती ठरावीक वर्षांची आणि ठरावीक किलोमीटरची होते. बॅटरी मात्र मालक बदलला म्हणून अधिक झिजत नाही. त्यात जैसलमेर येथे डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या विजेच्या मोटारी विकणाऱ्या विक्रेत्यांच्या नफ्याच्या फरकावरील कर 12 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. नवी मोटार 5 टक्क्यांवर आणि जुनीचा फरक 18 टक्क्यांवर, या गणितात पुनर्विक्रीचा बाजार कसा उभा राहावा, हे अर्थ मंत्रालयालाच ठाऊक.

उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. इंजिन, क्लच, तेल, एक्झॉस्ट यांची कटकट नसल्याने नित्याची देखभाल खरोखरच स्वस्त पडते. बॅटरीचे घाऊक भाव गेल्या दशकात कोसळले आहेत. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार 2024 मध्ये जागतिक सरासरी प्रति किलोवॅट-तास 115 डॉलरवर आली. त्यामुळे आठ वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च आजच्यापेक्षा कमी असू शकेल. पण मॉडेल बंद झाले, तर त्या मापाची बॅटरी कोणी आणि किती वर्षे पुरवायची, याचा दंडक हवा.

असा दंडक इतरत्र आहे. चीनने 2016 पासून अनुदानपात्र मोटारींच्या बॅटरी व मुख्य भागांसाठी किमान आठ वर्षे किंवा 1 लाख 20 हजार किलोमीटरची वॉरंटी सक्तीची केली. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमन मंचाने मार्च 2022 मध्ये स्वीकारलेला जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 22 पाच वर्षांनंतर किमान 80 टक्के, तर आठ वर्षांनंतर किमान 70 टक्के क्षमता शिल्लक राहण्याची अपेक्षा ठेवतो. ज्या 1998 च्या कराराखाली हा नियम झाला, त्यात भारत 2006 पासून सहभागी आहे. महाराष्ट्राच्या 2021 च्या धोरणात बॅटरीची हमी आणि पुनर्खरेदीची खात्री देणाऱ्या उत्पादकांना जादा प्रोत्साहन ठेवण्यात आले होते. म्हणजे कल्पना देशातल्या देशात सुचलेली आहे. केंद्राने मात्र 2022 च्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले आणि टिकाऊपणा बाजूलाच राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-अ खालील नियमांप्रमाणे सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच आहे. म्हणजे बॅटरीची आठ वर्षांची हमी संपण्यापूर्वीच सरकारचा हा अधिकार संपलेला असतो.

देशात 2024 मध्ये सुमारे एक लाख विजेच्या मोटारी विकल्या गेल्या. त्यांच्या बॅटरीच्या हमीचा शेवट 2032 मध्ये येईल. परंतु जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या आणि सर्वाधिक खपलेल्या पहिल्या भारतीय बनावटीच्या मोटारीची आठ वर्षे जानेवारी 2028 मध्येच पुरी होत आहेत. अवजड उद्योग, परिवहन आणि ग्राहक व्यवहार या तीन मंत्रालयांना एकत्र बसून किमान निकष ठरवायचे असतील, तर हातात असलेला वेळ तेवढाच आहे.