घरातले विज्ञान : ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी

गाडीस जुंपावयाचे दोन बैल सारख्या बळाचे असावेत, हे कोणा शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. परंतु घरी संगीत ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर व स्पीकर घेताना पुष्कळ कुटुंबे खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलतात. मग सणाच्या दिवशी आवाज पूर्ण चढविला की स्पीकर मुका होतो आणि कष्टाचा पैसा वाया जातो. असे का घडते, ते पाहू.

प्रथम वॅटचा विचार करू. 'पी. एम. पी. ओ. 2000 वॅट' असे छापलेले असल्यास त्यावर विसंबू नये. त्या मापास सर्वमान्य प्रमाण नाही. पाहावयाची ती सतत मिळणारी शक्ती. दुकानात तिला 'आर. एम. एस.' म्हणतात. अमेरिकेतही फुगविलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी 1974 साली सरकारी नियम करावा लागला. यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर ते किती वीज घेते हे लिहिलेले असते. जे यंत्र 60 वॅट वीज घेते, ते 2000 वॅट सतत कोठून देणार?

दुसरी गोष्ट ओहमची. स्पीकर बहुधा 4, 6 अथवा 8 ओहमचा असतो. ॲम्प्लिफायरला किमान किती ओहम चालतात, हे त्यावर दिलेले असते. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीस समांतर लावले तर भार 4 ओहमचा होतो. तो न सोसणारे यंत्र तापून बिघडते.

तिसरी गोष्ट, एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ही होय. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. म्हणून 87 डेसिबलच्या स्पीकरला जेथे 40 वॅट लागतात, तेथे 90 डेसिबलच्या स्पीकरला 20 वॅट पुरतात. चांगला स्पीकर निवडला, तर ॲम्प्लिफायरचा खर्च वाचतो.

आता मुख्य प्रश्न. मोठ्या ॲम्प्लिफायरनेच स्पीकर जळतो, ही समजूत अपुरी आहे. लहान ॲम्प्लिफायरकडून कुवतीबाहेर काम घेतले, की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. अशी लहर पूर्ण चौकोनी झाली, तर 50 वॅटचे यंत्र सुमारे 100 वॅट ओतू लागते. त्यातील तीव्र, उंच स्वर ट्वीटरमध्ये जातात व त्याची अतिशय बारीक तार जळते. आवाज चिरका वा फाटका येऊ लागला, की बटण तात्काळ खाली आणावे.

तेव्हा ॲम्प्लिफायरची सतत शक्ती स्पीकरच्या सतत शक्तीइतकी, फार तर दीडपट असावी. दोन्ही आकडे एकाच ओहमवरचे असावेत. होम थिएटर घेताना एक प्रश्न अधिक विचारावा : सांगितलेले वॅट सर्व स्पीकर एकदम वाजत असतानाचे, की एक-दोनच वाजत असतानाचे? खर्जाच्या सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्याचा हिशेब निराळा धरावा.

साध्या खोलीत नित्याच्या ऐकण्यास एखाद-दुसरा वॅटही पुरतो. उरलेली शक्ती ढोलाच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव असते. ती राखीवच राहू द्यावी, म्हणजे जोडी पुष्कळ वर्षे टिकेल.