"खाला, तिथे मशीद नाही का?"

गेल्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर मोहल्ल्यातल्या मुलांचं चित्रकलेचं शिबिर घेतलं. सात ते बारा वयाची वीसेक मुलं, सकाळी आठ ते दहा, पत्र्याच्या सावलीत. चित्र काढता काढता जगाची ओळख व्हावी, म्हणून रोज एक विषय ठरवला होता. सोमवारी जपान, मंगळवारी आफ्रिका, बुधवारी युरोप. कागदावर लिहिलेलं हे वेळापत्रक पाहून मीच खूश होते.

सोमवारी कागदाचे पक्षी झाले. मंगळवारी मी फळ्यावर सिंह, गवताची झोपडी आणि ढोल काढून दिला. मुलांनी मुकाट्याने रंग भरले. एक नऊ वर्षांची मुलगी मात्र कागदाकडे बघत बसली होती. म्हणाली, "खाला, आफ्रिकेत मशीद नाही का? शाळा पण नाही?"

मला उत्तर देता येईना, कारण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. त्याआधीच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या शाळेत 'जगाची सफर' नावाचा कार्यक्रम झाला. वर्गातल्या बाईंनी त्याला सांगितलं, तू अरब हो. डोक्याला रुमाल, हातात पुठ्ठ्याचा उंट. ज्याने उंट फक्त जत्रेत पाहिलाय, तो पोरगा घरी येऊन विचारतो, "खाला, आपण अरब आहोत का?" तेव्हा मी खूप चिडले होते. बाईंना दोन पानी पत्र लिहिलं होतं. आणि आता मीच 54 देशांचा खंड सिंह आणि झोपडीत बसवून दोन तासांत उरकायला निघाले होते!

त्या रात्री वेळापत्रक फाडलं. बुधवारचा युरोप गेला, गुरुवारचं चीनही गेलं. उरलेले तीन दिवस एकाच देशातलं एकच गाव, आणि त्या गावातली एकच इमारत घ्यायची ठरवली: पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची जामा मशीद.

ही मशीद मातीची आहे. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा आणि वरून चिखलाचा गिलावा. आजची इमारत 1907 मध्ये पूर्ण झाली, पण त्या जागी मशीद त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होती. भिंतींतून ताडाच्या लाकडाचे वासे ओळीने बाहेर आलेले दिसतात. मुलांना ती सजावट वाटली. त्यांचा उपयोग मात्र वेगळाच आहे. पावसाने गिलावा झिजतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या आधी अख्खं गाव मशिदीला नवा गिलावा करतं, आणि गवंडी याच वाशांवर पाय देऊन वर चढतात. पोरं चिखल तुडवतात, मुली आणि बाया नदीवरून पाणी आणतात. "मग मुली चिखल लावत नाहीत?" हा प्रश्न आलाच. तिथली रीत तशी आहे, एवढंच सांगितलं. आमच्या गच्चीवर मुलींनीही लावला.

पण चिखल कसा कालवायचा हे मला कुठे माहीत होतं? शेजारच्या नानींना बोलावलं. त्यांचं अर्धं आयुष्य गावाकडे धाब्याच्या मातीच्या घरात गेलेलं. खुर्चीत बसूनच त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. "नुसती माती लावाल तर उन्हात तडकेल. भुसा टाका. तुडवा. आता रात्रभर मुरू द्या, घाई करू नका." मी मुलांना सांगितलं की जेन्नेलाही चिखलात भाताचं तूस मिसळतात आणि काही दिवस मुरवत ठेवतात. नानी म्हणाल्या, "मग त्यांनाही कुणा नानीनेच शिकवलं असेल." एरवी नातवंडांना मोबाईलमधून डोकं वर काढायला सांगून दमणाऱ्या नानी सलग तीन दिवस आठच्या आधी गच्चीवर हजर होत्या.

वाशांच्या जागी खराट्याच्या काड्या खोचल्या. खऱ्या मशिदीच्या मिनारांच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली आहेत, त्यासाठी आम्ही काबुली चणे घेतले. खर्च म्हणाल तर नाहीच. माती बांधकामावरची, भुसा गोठ्यातला, पाया म्हणून जुन्या कपाटाची फळी.

खरी गंमत मेहराबीच्या वेळी झाली. मुलांनी ती पाण्याच्या टाकीच्या बाजूला कोरली, कारण आपण नमाज त्याच बाजूला तोंड करून पढतो. मी म्हटलं, चुकलं, जेन्नेत किब्ला पूर्वेला आहे. एकच गोंधळ! किब्ला म्हणजे पश्चिम, हे त्यांना दोन अधिक दोन चार इतकं पक्कं ठाऊक होतं. एक जण तर अब्बूंना विचारायला खाली पळाला.

मग पृथ्वीगोल आणला. दोऱ्याचं एक टोक मक्केवर दाबून धरलं आणि दुसरं आपल्या गावावर ताणलं. इथून तो पश्चिमेकडे जातो, किंचित उत्तरेला कललेला. तुर्कस्तानातून तो दक्षिणेकडे जातो, येमेनमधून उत्तरेकडे, मालीतून पूर्वेकडे, आणि इंडोनेशियातून आपल्यासारखाच पश्चिम-वायव्येकडे. प्रत्येकाला दोरा स्वतः धरून बघायचा होता. पंधरा मिनिटं कुणी गप्प बसलं नाही. शेवटी माझा भाचाच म्हणाला, "म्हणजे नमाजला सगळे गोल करून उभे असतात. फक्त गोल खूप मोठा आहे." दिशा, गोल पृथ्वी, नकाशा हे सगळं त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात आहेच. पण ते त्याच्या डोक्यात उतरलं ते या दोऱ्याने.

काही पालकांचे प्रश्न आले, तेही सांगते. एकांनी विचारलं, स्कॉलरशिपच्या परीक्षेला याचा काय उपयोग? मी म्हटलं, फारसा नाही. दुसऱ्या एका घरी माणसा-प्राण्यांची चित्रं काढलेली चालत नाहीत. त्यांना वाटलं, मुलीला पाठवू की नको. इमारती, वेलबुट्टी, भांडी, नकाशे, कंपासने काढायच्या जाळ्या, एवढं काम असताना तिथे अडायचं कारण नाही. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी चिखल तुडवणारी पोरं काढली, तिने वासे आणि मिनार काढले. तिचं चित्र सगळ्यांत नेमकं आलं, हे मी तिच्या अम्मीलाही सांगितलं.

तुमच्या मोहल्ल्यात असं काही करायचं असेल तर माझं एवढंच ऐका: देशांची यादी करू नका. झेंडे, पोशाख आणि प्राणी यांनी सुरुवात करू नका. तिथल्या लोकांनी हाताने केलेली एक वस्तू घ्या आणि ती तशीच का केली असेल, हे मुलांना विचारा. बाजूला दगड नसेल तर माणूस काय करेल? पाऊस आला तर काय होईल? उत्तरं तीच देतात, कधी कधी चुकीचीही. आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला खुर्ची टाकून बसवा.

जूनच्या पहिल्या पावसात गच्चीवरच्या मशिदीचा एक मिनार अर्धा वाहून गेला. मी फळी आत घ्यायला विसरले होते. मुलांना काय सांगावं, या विचारात होते, तेवढ्यात दोघी-तिघी शाळेच्या गणवेशातच वर आल्या. एकीच्या हातात भुशाची पिशवी होती. "खाला, माती कुठे ठेवलीय? आणि नानींना बोलवा."