शस्त्र, सत्ता आणि विवेक

घोड नदीकाठचे शिरूर पुणे-नगर रस्त्यावर वसले आहे आणि भीमाकाठचे दौंड हे लोहमार्गाचे मोठे जंक्शन आहे. या दोन्ही गावांतील जैन कुटुंबांची ओळख पेढी, अडत आणि कापडाच्या दुकानांमुळे आहे; तलवारीशी त्यांचा संबंध क्वचितच आला. तरीही युद्ध या परिसराला अपरिचित नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून जी फौज कोरेगाव भीमाकडे निघाली, तीत पुणे घोडदळाचे स्वार होते. त्याच घोडदळाची परंपरा सांगणाऱ्या ‘पूना हॉर्स’ रेजिमेंटचे नेतृत्व करीत लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना सियालकोट आघाडीवर १६ सप्टेंबर १९६५ रोजी वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

त्या युद्धाच्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनकडून झालेल्या पराभवाच्या छायेत, महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून ते दिल्लीस गेले. पराभवाची चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी तिचे निष्कर्ष संसदेपुढे मांडले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री आणि नेतृत्वव्यवस्था यांतील उणिवांवर त्या चौकशीचा भर होता. दोष कोणाचा, यापेक्षा दोष कोठे आहे, हा प्रश्न अधिक उपयोगी असतो. व्यापाऱ्यालाही हे सांगावे लागत नाही. ज्याची पेढी बुडाली, तो मुनिमावर केवळ रागावून सावरत नाही. त्याला वह्या उघडाव्याच लागतात.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात शिरले. दुपारी सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि वायुदलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांपुढे आले. विमाने पाठवावीत काय? पाठवली तर युद्ध पसरेल, न पाठवली तर सीमेवरचे जवान मरतील. चव्हाणांनी वेळ न दवडता अनुमती दिली. त्याच संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमाने नष्ट झाली. निर्णय योग्य असला, तरी त्याची किंमत चुकत नाही, हे त्या एका संध्याकाळने दाखवून दिले.

येथे श्रावकापुढे प्रश्न उभा राहतो. अहिंसा हा ज्याचा परम धर्म, त्याने अशा निर्णयाकडे कसे पाहावे? आचार्यांनी हिंसेचे चार भेद सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा त्यागावी. रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला पूर्णपणे टाळता येत नाही. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची भव्य मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंगांचा सेनापतीच होता. परंतु टाळता न येणारी हिंसा म्हणजे पुण्य नव्हे. ती हिंसाच राहते. म्हणून तिचा गर्व नसावा आणि तिची मर्यादा राखली जावी.

युद्धविराम झाला. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे करार झाला, तेव्हा चव्हाण शास्त्रीजींसमवेत तेथेच होते. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. अनेकांना ते जिव्हारी लागले, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. तरी भरतावर उगारलेली मूठ बाहुबलींनी ज्या क्षणी आवरली, तो क्षणही विजयाच्या शिखरावरचाच होता.

युद्धकाळात चव्हाण दैनंदिनी लिहीत असत. पुढे र. द. प्रधान यांच्या पुस्तकातून ती २००७ मध्ये प्रकाशात आली. सत्ता हाती असताना दिवसाचा हिशेब रात्री स्वतःशी करावा, हे प्रतिक्रमणाला जवळचे आहे. शिरूरच्या पेढीवर बसणाऱ्याच्या हातीही सत्ता असते, उधारीवरची, नोकरावरची, टंचाईच्या दिवसांतील भावावरची. ती वापरताना हात किती वेळा आवरला, याची नोंद रोजमेळात नसते. ती ज्याची त्यानेच ठेवायची असते.