तळपायही तपासा

कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई दारात येतात, सोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो. बायाबापड्यांना आशाताई आडोशाला नेऊन पाहतात, गड्यांना तो. पाठ, दंड, मांड्या उजेडात न्याहाळायच्या, फिकट चट्टा दिसलाच तर तिथे बधिरपणा आहे का विचारायचे, भिंतीवर खडूने खूण करून पुढच्या घरी जायचे. आपल्या खेड्यापाड्यांत माणसाची कातडी इतकी निरखून पाहणारे दुसरे सरकारी काम क्वचितच असेल. याच पाहणीत टाचेवरचा वाढता काळा डाग किंवा वर्षभर न सुकलेली जखमही नजरेस पडते. ते कुष्ठ नाही असे कळले, की विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये.

त्वचेचा कर्करोग गोऱ्यांचा, हा समज निम्मा खरा आहे. सावळ्या कातडीतले रंगद्रव्य उन्हापासून बरेच राखते, आणि इतर कर्करोगांच्या तुलनेत हा आजार आपल्याकडे कमीच. म्हणून गावोगाव सरसकट तपासणीची शिबिरे भरवा, असे आम्ही म्हणणार नाही. लक्षणे नसलेल्यांच्या अशा तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचे अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानेही २०२३ मध्ये सांगितले. पण आपला धोका उन्हापेक्षा वेगळ्या जागी दडलेला असतो: चुलीवर भाजल्याच्या जुन्या व्रणात, कुष्ठातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बधिर पायावरच्या जखमेत, तळव्यावर, नखाखाली. आणि कमरेवर. डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे परकराची नाडी किंवा लुगडे कमरेला करकचून बांधल्याने तिथली कातडी सोलवटली, जखम झाली आणि तिचा कर्करोग झाला. एकीचा तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. हे सारे उघड्या डोळ्यांना दिसणारे आजार. त्यांना यंत्र लागत नाही, पाहणारा लागतो.

तळव्यावर काळे दिसले की घरचे म्हणतात कुरूप असेल, नाहीतर काटा रुतला असेल. मग बिब्बा, मग ब्लेडने खरवडणे, मग मेडिकलमधली ट्यूब. हंगाम निघून जातो. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी जिल्ह्याच्या गावी जाण्याचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरी एकदा मांडून पाहावी.

आशाताईंच्या पाहणीत तीनच प्रश्न वाढवावेत. महिनाभरात न भरलेली जखम आहे का? भाजल्याच्या जुन्या व्रणावर नवे काही उगवले आहे का? तळव्यावरचा किंवा नखाखालचा काळा डाग वाढतो आहे का? एकाचेही उत्तर हो आले, तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फोटो काढून ई-संजीवनीवर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. कुष्ठरुग्ण शोधून दिल्यावर आशांना मोबदला मिळतो, तसा याचाही द्यावा. फुकटची कामे त्यांच्या गळ्यात पुष्कळ पडली आहेत.

खरी अडचण पुढे आहे. फोटोवरून संशय येतो, निदान होत नाही. त्यासाठी तुकडा काढावा लागतो, आणि ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावात आजाराच्या आधी पोचलेली असते. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होत असले, तरी त्याआधी निदानाचा कागद हातात हवा. तो मिळेपर्यंतच्या हेलपाट्यांत लोक गळतात. चिमूटभर कातडी काढायला मोठे शस्त्रक्रियागृह लागत नाही. भूल देणारे इंजेक्शन, एक छोटे हत्यार आणि दोन टाके पुरतात. ते ग्रामीण रुग्णालयातच ठरलेल्या वारी व्हावे, नमुना रुग्णालयाच्या गाडीने वैद्यकीय महाविद्यालयात जावा आणि अहवाल आशाताईंच्या फोनवर यावा. रुग्णाला बरणी हातात देऊन जिल्ह्याला पिटाळू नये.

आणि फोटो काढण्याआधी पाय धुवावा. शेतात वावरणाऱ्याच्या तळव्यावर चिखल, भेगा आणि बिब्ब्याचे डाग एकाच रंगाचे दिसतात. दाराशी उजेडात बसवावे, आणि मापासाठी डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवावे.