नाचता येईना, नेटवर्क वाकडे!

धारणी येथील माझ्या एका सेवानिवृत्त शिक्षक मित्राच्या घरी पावसाळ्यात घडलेला हा प्रसंग. पुण्यात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी आईवडिलांचे कष्ट वाचावेत या सद्हेतूने बोअरची मोटर, अंगणातला दिवा आणि दाराची घंटी यांना मोबाइलची जोड करून दिली होती. एका संध्याकाळी वीज गेली आणि तासाभराने परत आली. नेटवर्क मात्र आले नाही. टाकी रिकामी होती. गुरुजींनी मोबाइलवर ‘चालू’चे बटन दाबले. पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि मग इंग्रजीत एक वाक्य उमटले. त्याचा भावार्थ असा, की काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला आणि कंटाळून ते झोपी गेले. मध्यरात्री नेटवर्क जागे झाले, अडकून पडलेली आज्ञा मोटरीपर्यंत पोचली आणि पहाटेपर्यंत टाकी वाहत राहिली. बोअरचे पाणी आटल्यावर मोटर कोरडी फिरली आणि जळाली. “भाऊजी, आधी बटन दाबलं का मोटर चालू होत होती, नाई झाली तं नाई,” वहिनी मला म्हणाल्या. “याले तं मोटर चालू हाय का बंद, थेच मालूम नाई!”

वहिनींच्या या एका वाक्यात जे शहाणपण आहे, ते हे अ‍ॅप घडविणाऱ्या तंत्रज्ञांच्या ध्यानात का येऊ नये? चूक कोणाच्याही हातून होते, यंत्राच्याही होते. प्रश्न चूक झाल्यानंतर यंत्र कसे वागते हा आहे. येथे अ‍ॅपने तीन अपराध केले. काय बिघडले हे सांगितले नाही. शिळी झालेली आज्ञा रद्द न करता तासांनंतर पाळली. आणि ती पाळल्याचे कोणास कळविलेही नाही. तक्रार केल्यावर कंपनीचे उत्तर काय मिळाले? “आपल्या भागात नेटवर्क कमजोर आहे.” नाचता येईना, अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू अशाच मंडळींसाठी करून ठेवली असावी.

संगणकाच्या परिभाषेत अशा प्रसंगास ‘अपवाद’ म्हणतात. वीज जाणे अपवाद, नेटवर्क जाणे अपवाद, उत्तर उशिरा येणे अपवाद. वातानुकूलित कार्यालयात बसून लिहिणाऱ्यास हे अपवाद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह आणि हरिसाल ओलांडून जो धारणीस पोचतो, त्यास विचारा. सातपुड्याच्या डोंगररांगांत, व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात हाच नियम आहे आणि अखंड नेटवर्क हा अपवाद! ज्या वस्तूने नियमालाच अपवाद मानले, ती येथे टिकणार कशी?

यावर ठराविक उत्तर असते, की टॉवर येतील, गाव सुधारेल, मग सारे सुरळीत होईल. टॉवर अवश्य यावेत. याच धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ साली राज्य शासनाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडले होते. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून तेथे इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्यावरून आरोप-प्रत्यारोपांचा धुरळाही उडाला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. पण समजा, टॉवर आले, वीज अखंड झाली, तरी प्रश्न सुटतो काय?

२० ऑक्टोबर २०२५ हा नरक चतुर्दशीचा दिवस होता. त्या दिवशी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनच्या संगणक केंद्रांत, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत बिघाड झाला. जगभर घराघरांतील बोलकी यंत्रे मुकी झाली, दारावरच्या कॅमेरा-घंट्या बंद पडल्या. इंटरनेटवरून थंड-गरम होणाऱ्या महागड्या पलंगांची तऱ्हा तर विलक्षण! कोणाचा पलंग तापत राहिला, कोणाचा तिरका झाला तो तसाच अडकला. त्यानंतर त्या कंपनीने, इंटरनेट नसताना जवळच्या मोबाइलवरून थेट पलंग चालविण्याची सोय केली. म्हणजे ती शक्य होती. आधी कोणास सुचली नव्हती इतकेच! त्याही आधी, २०१६ साली गुगलच्या परिवारातील नेस्टने ‘रिव्हॉल्व’ नावाच्या गृहयंत्राची सेवाच बंद केली आणि पैसे मोजून घेतलेले यंत्र निरुपयोगी झाले. तेथे टॉवरची उणीव नव्हती की विजेची. उणीव होती ती विवेकाची. अंगणातला दिवा लावण्याची परवानगी सातासमुद्रापलीकडून घ्यावी लागत असेल, तर त्या घराचा मालक नेमका कोण?

हा रोग केवळ सुखवस्तूंच्या घरापुरता असता, तर एवढी शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हीच वृत्ती गरिबाच्या ताटापर्यंत पोचते. रेशन दुकानातील यंत्रावर मजुराच्या झिजलेल्या बोटाचा ठसा जुळला नाही, तर धान्य नाकारू नये, शिधापत्रिका पाहून द्यावे आणि त्याची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी, असे केंद्रीय अन्न मंत्रालयास ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी बजावावे लागले. यंत्राने मान फिरवल्यावर माणसाने काय करावे, हे आधीच ठरविले असते, तर ही वेळ का आली असती? त्या वहीचे महत्त्व ओळखा. ती मागासलेपणाची खूण नव्हे; यंत्रही चुकते याची ती प्रामाणिक कबुली आहे.

आम्हांस कोणी तंत्रज्ञानविरोधी म्हणू नये. उलट उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी शेतातील पंप मोबाइलवरून चालविणारे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडविले. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्यास पुरस्कार मिळाला. त्याचे मर्म कशात होते? साध्या फोनवरून शेतकऱ्यास आधी कळे, की शेतात वीज आहे की नाही आणि पंप खरोखर चालू झाला की नाही. रात्रीबेरात्री व्यर्थ जाणारी पायपीट पाहून ज्याने यंत्र घडविले, त्याने वीज जाणे हा अपवाद मानला नाही. तेथूनच आरंभ केला. त्यास पुण्यात जे उमजले, ते बड्या कंपन्यांना का उमजू नये?

तेव्हा मागणी साधी आहे. घरातले यंत्र घरातल्या घरात, इंटरनेटवाचून चालले पाहिजे. भिंतीवरचे बटन आणि कुलपाची किल्ली हा ग्राहकाचा हक्क आहे. ठराविक वेळेत न पोचलेली आज्ञा आपोआप रद्द व्हावी. शंका आली, तर मोटर बंद राहावी आणि दार आतून उघडावे. आणि चूक झाली, तर ती मराठीत सांगावी: ‘नेटवर्क नाही. मोटर बंद आहे. भिंतीवरचे बटन वापरा.’ या आठ शब्दांना कितीसा खर्च येतो?

वाचकांनीही एक पथ्य पाळावे. असे यंत्र घरी आणण्यापूर्वी दुकानदारासमोर मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, भिंतीवरची जोडणी काढावी आणि म्हणावे, “आता चालवून दाखवा.” जो गडबडेल, त्याचा माल परत करावा. गुरुजींनी भिंतीवर जुने बटन पुन्हा बसवून घेतले आहे. टाकी आता वेळेवर भरते.