हाताचे दुखणे आणि हत्याराची मूठ

ऊस तोडण्यात जन्म घालविलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे मनगट दुखू लागले, मूठ वळेनाशी झाली, की आपण "वय झाले" असे म्हणून मोकळे होतो. आम्हांला हे उत्तर पटत नाही.

हॉलंडमधील युट्रेख्ट शहरी १७०३ साली एक लॅटिन ग्रंथ छापून निघाला. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने कामकऱ्यांच्या रोगांवर लिहिलेल्या या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७०० साली मोडेना येथे निघाली होती. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, असा त्याचा वैद्यांना आग्रह. अपायकारक पदार्थांप्रमाणेच अंगाच्या वेड्यावाकड्या हालचालीही रोग आणतात, हे त्याने सांगितले. पुढे १७१३च्या वाढीव आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताचे दुखणेही त्याने नोंदविले. लेखणी ती केवढीशी! मग कोयत्याचे काय?

बोटे जोराने मिटविणारे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटातील अरुंद वाटेने बोटांकडे जातात. मनगट वाकवून मूठ आवळली की त्या दोऱ्यांवर ताण येतो, आणि पकडही ढिली पडते. हत्याराची मूठ फार बारीक किंवा निसरडी असली, धार बोथट असली, तर त्याच कामासाठी हात अधिक आवळावा लागतो. म्हणून वाकण हवे असेल तर ते हत्याराला द्यावे, मनगटाला नव्हे. (आजीच्या विळीचे पाते जागेवरच असते, भाजी पुढे सरकते. सुरी पेलायचा प्रश्नच नाही!)

आपल्या कितीतरी पूर्वजांच्या कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कापणीसाठी 'वैभव' नावाचा दातेरी विळा तयार केला. तो ओढताच कापतो, झटका मारावा लागत नाही. घाटावर मात्र ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव मिळाले, पण ते हत्यार त्या बाईच्या हाताला बसते का, हे विचारतो कोण?

कोयता किंवा छाटणीची कात्री घेताना ती दुकानातच हातात धरून पाहावी. मनगट सरळ राहते का? बोटे मुठीभोवती नीट मिटतात का? घरात कानस ठेवावी. आणि रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर आपण दिवसभर कोणते हत्यार चालवितो हे डॉक्टरांना सांगावे, त्यांनी विचारले नाही तरी.