दारूगोळ्याचा भाव आणि लांबलेला निर्णय

मृगाचा पाऊस तोंडावर यावा आणि तालुक्याच्या गावी युरिया संपल्याची वार्ता पसरावी, म्हणजे सातारा-सांगलीकडील शेतकरी काय करतो, हे आपण सर्वच जाणतो. दोन पोत्यांची गरज असता तो चार उचलतो; दुकानदाराने सोबत गळ्यात मारलेले नको ते औषधही मुकाट्याने घेतो. त्याच्यापुरते हे वागणे शहाणपणाचेच असते. परंतु प्रत्येकाने हेच शहाणपण केले, की पंधरवड्यात सरली असती ती टंचाई हंगामभर ठाण मांडून बसते. दारूगोळ्याच्या बाबतीत राष्ट्रेही याहून निराळी वागत नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा १५५ मिलिमीटर तोफेच्या एका गोळ्याची किंमत सुमारे २,००० युरो होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ८,००० युरोंवर गेल्याचे ‘नाटो’च्या लष्करी समितीचे अध्यक्ष अ‍ॅडमिरल रॉब बाउअर यांनी सांगितले. गोळा तोच, भाव चौपट! युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लक्ष गोळे देण्याचे वचन युक्रेनला दिले. मुदत संपली तेव्हा त्यातील निम्मेच काय ते पोहोचले होते.

पैसा असूनही माल का मिळू नये? याचे उत्तर उत्पादनाच्या स्वरूपात आहे. गोळ्यास पोलादी कवच हवे, आत स्फोटक हवे, तो फेकणारी दारू हवी आणि फ्यूज हवा. यांपैकी एक जरी अडले तरी उरलेली तिन्ही व्यर्थ. त्या दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज सरकीवरील आखूड तंतूंपासून तयार होते. म्हणजे तोफेची वाटही अखेर कापसापाशी येऊन थांबते. शांततेच्या काळात मागणी नाही म्हणून यंत्रे थांबलेली, कुशल कामगार पांगलेले. ते सारे पुन्हा उभे करण्यास वर्षे लागतात. पुरवठा असा ताठर असताना प्रत्येक देश स्वतंत्रपणे बोली लावू लागला, तर गोळे वाढत नाहीत, फक्त भाव वाढतो.

हे परक्यांचे दोषदर्शन नव्हे. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या लष्करप्रमुखांवर, हाती आहे त्यानिशी लढू, असे सांगण्याची पाळी आली होती. पुढे महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने दाखवून दिले, की सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता. त्याच महिन्यात उरी येथे हल्ला झाला आणि तातडीच्या खरेदीचे करार करावे लागले. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण बाजारपेठेला पक्की ठाऊक असते. निकडीच्या खरेदीत घासाघीस करण्याची शक्ती विक्रेत्याकडे जाते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ होय.

मग कोठारे काठोकाठ भरून ठेवावीत काय? तेही योग्य नव्हे. दारूगोळ्याला वयोमर्यादा असते, तो राखण्यास खर्च येतो आणि धोकाही असतो. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या कोठारातील आगीत जवान व कर्मचारी बळी पडले, हे विसरता येत नाही. साठा किमान हवा. परंतु त्याहून मोलाची आहे ती सतत चालू असणारी उत्पादनक्षमता.

या दृष्टीने महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. वरणगाव, भंडारा आणि चांदा येथील कारखाने त्याच परंपरेतले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माण मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांतील दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे. कंपनी म्हटली की तिला ऑर्डर हवी. सरकारने दरवर्षी अंदाजपत्रकाची चणचण पाहून मागणी कमीजास्त केली, तर तिने यंत्रे व माणसे कशाच्या भरवशावर राखावीत? पाच-सात वर्षांची किमान मागणी लेखी बांधून द्यावी आणि निर्यातीच्या चढ्या भावाचा मोह पडला तरी देशाच्या साठ्याचा हक्क पहिला ठेवावा. यात काही पैसा वरकरणी वाया गेल्यासारखा दिसेल. विम्याचा हप्ताही तसाच दिसतो.

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. आजही सातारा-सांगलीच्या गावांतून मुले सैन्यात भरती होत आहेत. दिल्लीतील एखादी फाईल लांबली, तर तिचा वाढीव भाव आपण करदाते रुपयांत भरू. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याच्या या रीतीची पुरी किंमत चौकीवर मोजकी काडतुसे घेऊन उभा असलेला तो मुलगा भरील, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.